रक्ताचा कॅन्सर उलटला? गोळी बदलण्याआधी कारण शोधा

रिपोर्टवर एकच आकडा असतो. सहा महिन्यांपूर्वी तो ०.०८ टक्के होता, आता १.४ टक्के आहे. रुग्णाला त्रास काहीच नाही. भूक लागते, झोप येते, शेतातली कामेही सुरू आहेत. तरीही डॉक्टर रिपोर्ट पाहून गंभीर होतात आणि परतीच्या एसटीत घरचे लोक एकमेकांना विचारत राहतात : आजार उलटला म्हणजे आता पुढे काय?

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावातून हा उपचार घेणे म्हणजे फेऱ्या आल्याच. अमरावती चाळीसेक किलोमीटरवर आहे, पण रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला आणि खास तपासण्या यांसाठी बहुतेकांना नागपूर, नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते. तिथे ओपीडीत मिळतात दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांत काय विचारायचे आणि डॉक्टर जे सांगतात त्याचा अर्थ काय, हे आधी माहीत असेल तर फेरी वाया जात नाही.

'क्रॉनिक' म्हणजे नेमके काय?

रक्ताचा कॅन्सर हा एक आजार नाही. 'अॅक्यूट' प्रकार आठवड्यांत वाढतो. 'क्रॉनिक' प्रकार महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे दबक्या पावलाने चालतो. क्रॉनिकमध्ये दोन आजार महत्त्वाचे. पहिला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. दुसरा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल. नावे सारखी वाटतात, पण औषधे पूर्ण वेगळी. एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही.

आपल्याकडे सीएमएल जास्त दिसतो आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच लवकर होतो. तिकडे साठीच्या आसपासचे लोक, इकडे पस्तिशी-चाळिशीतले कमावते हात. म्हणून या लेखात सीएमएलला जास्त जागा दिली आहे.

सीएमएलचे मूळ १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सापडले. पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. शहरावरून त्याचे नाव पडले फिलाडेल्फिया क्रोमोसोम. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी उलगडा केला : गुणसूत्र क्रमांक ९ आणि २२ यांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटतात. या चुकीच्या जोडणीतून 'बीसीआर-एबीएल' नावाचे जनुक तयार होते आणि त्यातून एक प्रथिन. हे प्रथिन पांढऱ्या पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम देतच राहते. तो थांबत नाही, म्हणून पेशी लाखांत जातात आणि पोटात डाव्या बाजूला प्लीहा फुगते.

हा दोष आईवडिलांकडून येत नाही, मुलांना जात नाही आणि ताटात जेवल्याने पसरत नाही. जन्मानंतर कधीतरी अस्थिमज्जेतल्या एका पेशीत तो घडतो.

या प्रथिनाला काम करायला ऊर्जा लागते आणि ती घ्यायला त्याच्यात एक खाच असते. कुलपाच्या भोकात काडी अडकवून ठेवली की किल्ली आत जात नाही, तसे 'इमॅटिनिब' हे औषध त्या खाचेत जाऊन बसते. हुकूम बंद पडतो. केमोथेरपी वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. इमॅटिनिबचा नेम मात्र मुख्यतः या एका प्रथिनावर असतो. म्हणूनच अशा औषधांना लक्ष्यवेधी औषधे किंवा टार्गेटेड थेरपी म्हणतात. अमेरिकेत इमॅटिनिबला मे २००१ मध्ये परवानगी मिळाली. १,१०६ रुग्णांच्या मूळ अभ्यासात इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी १० वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के हयात होते. एकेकाळी निदान झाल्यावर चार-पाच वर्षे हाती उरत, त्या आजाराची ही गोष्ट आहे.

तो आकडा काय सांगतो?

साध्या सीबीसी तपासणीत पांढऱ्या पेशी मोजल्या जातात. पण उलटणारा सीएमएल सीबीसीत फार उशिरा दिसतो. त्याची चाहूल लागते ती बीसीआर-एबीएलच्या आरटी-पीसीआर तपासणीत. हातातून रक्त घेतात, दरवेळी पाठीच्या हाडातून मज्जा काढावी लागत नाही. उत्तर टक्क्यांत येते आणि ते 'इंटरनॅशनल स्केल'वर असेल तरच दोन वेळचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. रिपोर्टवर 'आयएस' ही अक्षरे आहेत का, ते पाहून घ्या.

औषध सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी हा आकडा १० टक्क्यांच्या, सहा महिन्यांनी १ टक्क्याच्या आणि वर्षाने ०.१ टक्क्याच्या आत यावा, अशी अपेक्षा असते. ०.१ टक्का हा मोठा टप्पा. त्याच्या खाली टिकून राहिलेल्या रुग्णाचा आजार वाढण्याची भीती फार कमी. वर्ष होऊनही आकडा १ टक्क्याच्या वर असेल, किंवा एकदा खाली आलेला आकडा पुन्हा चढून वर राहिला, तर औषध कमी पडते आहे असे समजतात. ०.०३ चा ०.०६ झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तेवढा फरक तपासणीतच पडतो. एका रिपोर्टवर निर्णय न घेता डॉक्टर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला लावतात, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत.

इथे एक धोक्याची जागा आहे आणि ती आपल्या भागात जास्त आहे. हायड्रॉक्सीयुरिया ही कॅप्सूल विदर्भात अनेक घरांना सिकलसेलमुळे माहीत आहे. सीएमएलमध्येही ती दिली की पांढऱ्या पेशी झरझर खाली येतात आणि रुग्णाला बरे वाटते. पण फिलाडेल्फिया क्रोमोसोम तिथेच असतो. पेशी तात्पुरत्या आवरायला ती ठीक, उलटलेल्या सीएमएलवरचा तो उपचार नव्हे. 'काउंट नॉर्मल आला, आता कशाला नागपूरला जायचे' या समाधानात मोलाचे महिने निघून जातात.

का उलटला?

लोकांना वाटते, आजार उलटला म्हणजे जुनी गोळी निकामी झाली, आता त्याहून भारी गोळी हवी. तसे नेहमीच नसते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न साधा असतो : गोळी रोज घेता का?

'घेतोच आहे ना बाप्पा' हे उत्तर बहुतेकांचे. खोटे बोलायचे म्हणून कोणी ते देत नाही. महिन्यातून दोन-तीन गोळ्या राहिल्या तर ते कोणी धरतच नाही. लग्नाला गेलो, गोळ्या घरी राहिल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत जेवणाचीच वेळ चुकली. औषध संपले आणि पुढची फेरी आठ दिवसांनी होती. लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयाने यावर २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटलीच्या झाकणात त्यांनी चिप बसवली होती. झाकण कधी उघडले याची त्यात नोंद होत होती. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत ०.१ टक्क्याचा टप्पा गाठण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के निघाली. ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती अवघी २८ टक्के. ८० टक्के किंवा कमी घेणाऱ्यांपैकी एकानेही तो टप्पा गाठला नाही.

९० टक्के म्हणजे किती? महिन्याला तीन गोळ्या चुकणे. बस्स.

गोळी चुकण्यामागे आळसच असतो असे नाही. इमॅटिनिबने सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, पोटऱ्यांत पेटके येतात, मळमळते, जुलाब होतात. काहींचा रंगही उजळतो आणि गावात त्याचे कौतुक होते, हा भाग वेगळा. पेटक्यांना कंटाळून रुग्ण स्वतःच एक दिवसाआड गोळी घ्यायला लागतो आणि डॉक्टरांना सांगत नाही, कारण रागावतील अशी भीती. खरे तर मळमळीवर इलाज आहे : गोळी भरपेट जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची. पेटके आणि सुजेवरही डॉक्टर काही ना काही देऊ शकतात. ते सांगितले तरच.

दुसरे कारण दुसरी औषधे. आपल्याकडे टीबी आहे आणि टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असते. ते घेताना रक्तातले इमॅटिनिब जवळपास तीन चतुर्थांशाने घटते. रुग्ण गोळी रोज घेतो, पण शरीराला मिळते एक चतुर्थांश. फिट्सवरच्या फेनिटॉइनचाही असाच परिणाम होतो. म्हणून टीबी किंवा फिट्सचे औषध सुरू होताना आपल्याला सीएमएल आहे हे तिथल्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. काढे, भस्मे, झाडपाल्याची औषधे सुरू असतील तर तेही सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ही दोन्ही कारणे नसतील, तर संशय जातो म्युटेशनवर. कॅन्सरच्या पेशी वाढताना त्या खाचेचा आकार कुठेतरी बदलतो आणि इमॅटिनिब तिथे नीट बसत नाही. हे शोधायला 'एबीएल किनेज डोमेन म्युटेशन' तपासणी करतात. ती उपयोगी पडावी म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. आकडा पुरेसा चढलेला हवा, साधारण १ टक्क्याच्या वर, नाहीतर तपासणीला पुरेसा माल मिळत नाही. आणि नमुना गोळी सुरू असतानाच द्यायचा. गोळी बंद करून महिनाभराने रक्त दिले, तर बदललेल्या पेशी इतरांच्या गर्दीत लपतात आणि रिपोर्ट 'म्युटेशन नाही' असा येऊ शकतो.

दुसरी गोळी ठरते कशी?

इमॅटिनिबनंतर दुसऱ्या पिढीची औषधे येतात : डॅसॅटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब. 'यातली सगळ्यात स्ट्राँग कोणती?' हा प्रश्न नेहमीचा, पण तो चुकीचा आहे. निवड दोन गोष्टींवर होते, म्युटेशन कोणते आणि रुग्णाला आणखी कोणते आजार आहेत.

एफ३१७एल किंवा व्ही२९९एल म्युटेशन असेल तर डॅसॅटिनिब कमी पडते, निलोटिनिबकडे वळतात. वाय२५३एच, ई२५५के किंवा एफ३५९व्ही असेल तर उलट, डॅसॅटिनिब बरे. ही अक्षरे पाठ करायची गरज नाही, रिपोर्टची झेरॉक्स मात्र जपून ठेवायची.

डॅसॅटिनिबने फुफ्फुसाभोवती पाणी साचू शकते. जुना दमा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल तर ते आधी सांगा आणि औषध सुरू असताना धाप लागली तर थांबू नका. निलोटिनिबने साखर वाढू शकते आणि हृदयाच्या, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात. मधुमेह असलेल्या किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला ते जपून देतात. शिवाय निलोटिनिबच्या नेहमीच्या कॅप्सूल उपाशीपोटी घ्याव्या लागतात, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही. दिवसातून दोनदा. इमॅटिनिब जेवणानंतर घेण्याची वर्षानुवर्षांची सवय असलेल्या रुग्णाचा इथेच गोंधळ उडतो.

आणखी एक खास आपल्या घरांतली गोष्ट. अॅसिडिटीची गोळी सकाळी चहाआधी घेणारे प्रत्येक गल्लीत आहेत. डॅसॅटिनिब शोषले जायला पोटात आम्ल लागते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी आम्ल कमी होते आणि महागडे औषध पोटातून तसेच निघून जाते. मेडिकलवाल्याने सहज दिलेली पाच रुपयांची गोळी आकडा चढण्याचे कारण ठरू शकते.

सगळ्यात हट्टी म्युटेशन टी३१५आय. त्यावर इमॅटिनिब चालत नाही आणि दुसऱ्या पिढीच्या तिन्ही गोळ्याही नाहीत. त्यासाठी पोनॅटिनिब आहे, अमेरिकेत डिसेंबर २०१२ पासून. ते प्रभावी आहे, पण रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका मोठा, म्हणून आकडा खाली आला की डोस कमी करतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे असिमिनिबला परवानगी मिळाली. ते नेहमीच्या खाचेत न जाता प्रथिनाला दुसऱ्याच बाजूने, मागच्या दाराने धरते. भारतात ते महाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ज्या जीवरक्षक औषधांवरचा जीएसटी शून्य झाला त्यांत त्याचे नाव आहे, पण मूळ किंमतच इतकी की कर गेल्याने सामान्य घराला ते परवडू लागले असे म्हणता येत नाही.

गोळ्यांनी आवरेनासा झालेला किंवा 'ब्लास्ट क्रायसिस' या शेवटच्या टप्प्यात गेलेला आजार मात्र वेगळा. तिथे केमोथेरपी आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो आणि तो लवकर करावा लागतो.

संत्रे खायचे की नाही?

चांदूर बाजार, मोर्शी, वरुड या पट्ट्यात हा प्रश्न येणारच. औषधाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट आणि सेव्हिल जातीचे कडू संत्रे टाळा, असे लिहिलेले असते. यकृतात औषधाचे विघटन करणाऱ्या एन्झाइमला ही फळे अडवतात आणि रक्तातले औषध नको तितके वाढते. पपनसही त्याच गोत्रातले, तेही टाळलेले बरे. आपले नागपुरी संत्रे या यादीत नाही. बागेतले संत्रे खाल्ले म्हणून गोळीवर वाईट परिणाम होत नाही.

गोळी परवडते, त्यामागे एक लढाई आहे

इमॅटिनिब आज राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि अनेक भारतीय कंपन्या ते बनवतात. वीस वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. नोव्हार्टिस कंपनीच्या 'ग्लिव्हेक'चा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. नोव्हेंबर २००३ मध्ये नोव्हार्टिसला विक्रीचे एकाधिकार मिळाले आणि स्वस्त गोळ्यांवर गंडांतर आले. आपण बहुतेक रुग्णांना मोफत औषध देतो, असे कंपनीचे म्हणणे होते आणि मॅक्स फाउंडेशनमार्फत हजारोंना ते मिळतही होते. पण उपचार कंपनीच्या मर्जीवर का असावा, हा प्रश्न उरतोच.

पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पुढे होती. मोठ्या कंपन्यांच्या खटल्यात रुग्णांची संस्था पक्षकार होणे ही तेव्हा नवलाईच होती. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने नोव्हार्टिसचा अर्ज फेटाळला. प्रकरण वर चढत गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला. पेटंट कायद्याचे कलम ३(ड) सांगते की जुन्याच पदार्थाच्या नव्या रूपाला गुणकारिता वाढल्याशिवाय पेटंट नाही. औषधाच्या बाबतीत गुणकारिता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद, असा अर्थ न्यायालयाने लावला. औषधाचे नवे स्फटिक रूप शरीरात ३० टक्के जास्त शोषले जाते, एवढे पुरेसे ठरले नाही.

याचा फायदा उलटलेल्या आजाराच्या रुग्णांना लगेच झाला नाही, हेही सांगायला हवे. डॅसॅटिनिबच्या मूळ रेणूवर वेगळे पेटंट होते आणि ते भारतात एप्रिल २०२० मध्ये संपले. तोवर पहिली गोळी हाताशी आणि दुसरी आवाक्याबाहेर, अशी अनेक घरांची अवस्था होती. आता डॅसॅटिनिबही जेनेरिक मिळते. जेनेरिक म्हणून ते कमअस्सल नव्हे. फक्त कंपनी बदलली तर पुढची पीसीआर तपासणी लांबवू नका.

सीएलएल उलटला तर?

हा आजार प्रामुख्याने उतारवयाचा. पुन्हा डोके वर काढले म्हणून लगेच औषध सुरू करतातच असे नाही. गाठी वाढल्या, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स घसरल्या, रात्री घामाने अंथरूण भिजू लागले किंवा वजन उतरले, तरच उपचार. तोवर लक्ष ठेवणे हाच उपचार असतो आणि घरच्यांना तो पचवणे जड जाते.

औषधाआधी एक तपासणी मागून घ्यावी : १७पी डिलीशन आणि टीपी५३. यांत दोष असेल तर जुन्या पद्धतीची केमोथेरपी फारशी चालत नाही, लक्ष्यवेधी गोळ्या मात्र चालतात. त्यांचे दोन गट आहेत. इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब, झानुब्रुटिनिब ही औषधे पेशीला जगण्याचा संदेश देणारे 'बीटीके' प्रथिन अडवतात आणि उपयोग होतो तोवर रोज घ्यायची असतात. उलटलेल्या सीएलएलसाठी इब्रुटिनिबला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याने रक्तस्राव वाढू शकतो आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना विचारून गोळी काही दिवस थांबवावी लागते.

दुसरे औषध व्हेनेटोक्लॅक्स. कॅन्सरच्या पेशीला मरू न देणाऱ्या 'बीसीएल-२' प्रथिनावर ते जाते. रिटुक्सिमॅब इंजेक्शनसोबत ते दोन वर्षे देऊन थांबवता येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८९ रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांनंतर आजार पुढे न सरकलेले रुग्ण या जोडीवर सुमारे ८५ टक्के होते, तर जुन्या केमोथेरपीवर ३६ टक्के. मात्र ते इतक्या वेगाने पेशी मारते की मेलेल्या पेशींचा कचरा मूत्रपिंडांवर येतो. म्हणून २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून पाच आठवड्यांत ४०० वर नेतात. पाणी भरपूर प्यायचे आणि ठरल्या वेळी रक्त तपासायचे. हे पाच आठवडे तरी रुग्णाने मोठ्या रुग्णालयाच्या जवळपास राहावे, गावाहून ये-जा करण्याचा हट्ट धरू नये.

मुंबईत विकसित झालेल्या कार-टी थेरपीबद्दलही हल्ली विचारणा होते. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार१९'ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती बी-पेशींच्या लिम्फोमा आणि अॅक्यूट ल्युकेमियासाठी. सीएमएलला तिचा उपयोग नाही.

फेरीला निघण्यापूर्वी

नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, मेडिकल आणि एम्स हे पर्याय आहेत, मुंबईत टाटा मेमोरियल. आता महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता. रुग्णालयातील आरोग्यमित्राला नेमक्या औषधाचे नाव घेऊन विचारा. 'कॅन्सर योजनेत बसतो' एवढ्या उत्तरावर परतू नका, कारण पॅकेज औषधानुसार असते. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसालाही सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, ते ओपीडीतच मागून घ्या.

तरुण रुग्णांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. या गोळ्या सुरू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो. मूल हवे असेल तर तसे आधी सांगा, डॉक्टर आकडा पाहून वेळ ठरवू शकतात. काही वर्षे आकडा अगदी खोल राहिलेल्या निवडक रुग्णांची गोळी थांबवूनही पाहतात. फ्रान्समध्ये शंभर रुग्णांवर तसे केले, तेव्हा वर्षभराने ४१ टक्के गोळीविना ठीक होते. ज्यांचा आजार उलटला, त्यांतल्या बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच उलटला आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यात आला. पण तिथे महिन्याला पीसीआर होत होती. गावात बसून, बरे वाटते म्हणून बंद केलेली गोळी म्हणजे हा प्रयोग नव्हे.

आणि नमुन्याबद्दल. बीसीआर-एबीएल तपासणी आरएनएवर होते आणि आरएनए लवकर नासते, त्यात आपल्याकडचा मे महिना. तालुक्यातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त देणार असाल तर कुरिअर किती वाजता निघतो आणि नमुना प्रयोगशाळेत किती तासांत पोहोचतो, ते आधी विचारा. शनिवारी संध्याकाळी देऊ नका. सोमवारी सकाळी द्या.